मोबाईल कॅमेऱ्यातल्या ‘एफ’च्या पट्टीवर विश्वास ठेवून २८ हजारांना फसलो

माझा चादरी-टॉवेलचा छोटा धंदा आहे. माल आता फोटोवरच विकला जातो. जुन्या मोबाईलचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) बऱ्यापैकी मोठा, पण अपर्चर, म्हणजे भिंगातलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, एफ/१.८ वर कायमचं. एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान आणि मागंपुढंचं जास्त स्पष्ट. त्यामुळे चादरींची चळत जवळून टिपली की पुढची घडी लख्ख आणि मागची धूसर यायची. म्हणून अपर्चर लहान-मोठं करता येणारा मोबाईल शोधत गेल्या महिन्यात नवी पेठेतल्या एका दुकानात गेलो.

"मालक, हा घ्या की. व्हेरिएबल, म्हणजे बदलतं अपर्चर आणि एक इंची सेन्सर," दुकानातला पोरगा म्हणाला. त्यानं काउंटरवर दोन खोकी मागंपुढं ठेवली आणि पडद्यावरची पट्टी सरकवली. एफ/१.४ ला मागचं खोकं विरघळलं, एफ/१६ ला दोन्ही स्पष्ट. मला हवं तेच डोळ्यांसमोर होत होतं. पैसे मोजले.

घरी टॉवेलचे फोटो काढले तेव्हा शंका आली. टॉवेलच्या काठाच्या दशा मधेच कापल्यासारख्या दिसत होत्या, काही धागे तर मागच्या भिंतीत मिसळून गेलेले. फोटोची माहिती उघडली. पट्टी कुठंही असू दे, प्रत्येक फोटोत एफ/१.८ च! खरं अपर्चर एफ/१.४ वरून एफ/१६ वर गेलं तर प्रकाश शंभरपटीहून जास्त घटतो. तो भरून काढायला शटरचा वेग किंवा आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती दाद देतो त्याचा आकडा) बदलावा लागतो. इथं ते दोन्हीही हलले नव्हते. म्हणजे पट्टी फक्त सॉफ्टवेअरची धूसरता कमी-जास्त करत होती.

सेन्सरचंही तेच. कंपनीच्या माहितीत तो १/२.७६ इंची निघाला. इथं भागाकाराखालचा आकडा जितका मोठा, तितका सेन्सर लहान. ‘एक इंची’ म्हणतात तो सेन्सर साधारण १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो (हे नाव जुन्या कॅमेरा-नळ्यांच्या मापावरून आलंय), आणि माझ्याकडचा क्षेत्रफळानं त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही नाही. इतक्या लहान सेन्सरवर मागंपुढंचं मुळातच बरंचसं स्पष्ट येतं. दुकानात एफ/१६ ला दोन्ही खोकी स्पष्ट दिसली ती त्यामुळे. मी त्यालाच अपर्चरची करामत समजलो.

खरं बदलतं अपर्चर मोजक्याच मोबाईलमध्ये आलंय. सॅमसंगच्या २०१८ च्या गॅलेक्सी एस९ मध्ये एफ/१.५ आणि एफ/२.४ अशा दोनच पायऱ्या होत्या. शाओमी १४ अल्ट्रात एफ/१.६३ ते एफ/४ पर्यंत जाता येतं, आणि त्याचा सेन्सर खरोखर एक इंची आहे. घेण्याआधी कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथं आकडे हातानं बदलता येतात) एफचा आकडा बदला आणि उजेडात थेट भिंगात बघा. आतली पाती हलताना दिसतात. मग दोन फोटो काढून त्यांच्या माहितीतला एफ-आकडा ताडून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, मी ते केलं नाही.

परत गेलो तर मालकानं विचारलं, "बिलावर कुठं लिहिलंय?" बिलावर मॉडेलचं नाव आणि रक्कम, बस्स. तुम्ही घ्याल तेव्हा अपर्चर आणि सेन्सरचा आकार बिलावर लिहूनच घ्या. माझं नशीब एवढंच, की त्या पोरानं आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर ‘एक इंची सेन्सर, अपर्चर चेंज होतं’ असं लिहून पाठवलं होतं. त्या संदेशाचा फोटो जपून ठेवलाय आणि ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवलीय. चादरींचे फोटो सध्या जुन्याच मोबाईलवर, दोन पावलं मागं सरकून काढतोय.