प्लॉसिबल: मामांच्या डॉगरिजचा हिशेब अखेर जुळला

तासगावजवळ आमच्या मामांची रोपवाटिका आहे. डॉगरिज म्हणजे ज्यावर द्राक्षाचं कलम बांधतात तो खुंट. रोपवाटिकेची वेबसाइट मी रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत केली, सिंगल पेज अ‍ॅप. मामांना एकच आकडा हवा असतो: "डॉगरिजचे खुंट किती जणांनी बघितले गं?" आणि नेमका तोच मला देता येत नव्हता.

साइटच्या भेटी मोजायला आता मी प्लॉसिबल वापरते. आधीच्या फुकट टूलचं नाव घेत नाही. त्यात आलेला प्रत्येक जण पहिल्या पानावरूनच परत गेलेला दिसायचा. अशा साइटवर पान एकदाच लोड होतं, पुढे राउटर (साइटमधला पानं बदलणारा कोड) फक्त मजकूर आणि वरचा पत्ता बदलतो. टूलला त्याचा पत्ताच नाही. म्हणून राउटरला माझा कोड जोडला. काही दिवसांनी टूलच तेच काम आपोआप करायला लागलं, माझा कोडही तसाच राहिला, आणि प्रत्येक भेट दोनदा पडू लागली. मामा खूश! त्यात पानाचं शीर्षक बदलायच्या आधीच नोंद जायची, म्हणजे डॉगरिजच्या भेटी पेरूच्या कलमांच्या नावावर.

प्लॉसिबलला एक स्क्रिप्ट टाकली, बस्स. ती ब्राउझरच्या पुशस्टेटवर (पान पुन्हा लोड न करता पत्ता बदलायची सोय) लक्ष ठेवते, बॅक बटणही धरते. मोबाइलवरून मुखपृष्ठ, खुंट, डॉगरिज आणि बॅक करून पुन्हा खुंट असं फिरले. नोंदी 4, त्यात खुंट 2. शीर्षकाचा घोळच नाही, कारण हिशेब पत्त्यावर चालतो. पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग बदलला तर मात्र नवी भेट धरत नाही. आमच्याकडे तालुक्याचा फिल्टर तिथेच आहे, त्यामुळे मला ते सोयीचंच. तुमची पानंच त्यावर चालत असतील तर नोंद स्वतः पाठवावी लागेल. पत्त्यात हॅश (#) वापरणाऱ्यांना वेगळं सेटिंग आहे. आणि लोकलहोस्टवर (साइट स्वतःच्याच संगणकावर चालवून) तपासत बसू नका, तिथल्या भेटी ते मुद्दाम सोडतं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये तसं लिहूनही येतं. मी न वाचता तासभर माझाच कोड उकरत बसले होते.

कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची खूण) नाही, म्हणून संमतीची पट्टी काढून टाकली. पण त्यामुळेच आज आलेला शेतकरी उद्या आला की नवा माणूस धरला जातो. महिन्याचे 'व्हिजिटर' मी मामांना सांगतच नाही, फक्त पानांच्या भेटी सांगते.

फुकट योजना नाही, 30 दिवस वापरून बघता येतं. स्वतःच्या सर्व्हरवर टाकायची कम्युनिटी आवृत्ती आहे, पण तिला पोस्टग्रेस आणि क्लिकहाउस हे दोन्ही डेटाबेस लागतात. एका रोपवाटिकेसाठी एवढा पसारा कोण सांभाळणार? मी पैसे भरले.

आता दर आठवड्याला मामांना ईमेलवर अहवाल जातो. परवा डॉगरिज पहिल्या नंबरावर होतं. मामांचा लगेच फोन: "एवढ्यांनी बघितलं, मग फोन का केला नाही एकानंही?"