लिब्रेएनएमएस: एक अख्खा गाळप हंगाम वापरून झाल्यावर

मी एका साखर कारखान्यात आयटी बघतो. माझ्या हाताखाली अजून एक मुलगा आहे, बाकी कोणी नाही. दोघांच्या गळ्यात मिळून 137 डिव्हाइस आहेत, म्हणजे स्विच, राउटर, गट ऑफिसांकडे जाणारे वायरलेस रेडिओ, वजनकाट्यांचे पीसी, कॅमेरे, यूपीएस, हजेरीची मशिनं, प्रिंटर, सगळं. सप्टेंबरात, गाळप सुरू व्हायच्या आधी, या सगळ्यांवर लक्ष ठेवायला लिब्रेएनएमएस हे मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, आता एप्रिल संपत आलाय, हंगाम आटोपलाय, म्हणून निवांत लिहितोय.

आधी आमची मॉनिटरिंग सिस्टीम म्हणजे फोन. "साहेब, काटा अडकलाय" असा फोन आला की पळायचं, वाटेत मोबाईलवरून पिंग मारायचा (म्हणजे डिव्हाइस उत्तर देतंय का ते बघायचं), आणि मग स्विच गेला की केबल गेली की पीसी हँग झालाय हे एकेक करून शोधत बसायचं. काटा थांबला की काय होतं ते ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो. ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग गेटबाहेर रस्त्यापर्यंत जाते, बैलं खांद्यावर जू घेऊन तशीच उभी राहतात, आणि तोडलेला ऊस जितका वेळ उभा राहील तितका वाळतो, वजन घटतं, आणि ते घटलेलं वजन शेतकऱ्याच्या बिलातून जातं. त्यामुळे आमच्याकडे नेटवर्क बंद पडणं ही नुसती ऑफिसातली गैरसोय नाही, मला तरी ते जिवाला लागतं.

सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, 2013 मध्ये ऑब्झर्व्हियम या अशाच सॉफ्टवेअरपासून वेगळं झालेलं. जुना आय थ्री पीसी, 8 जीबी रॅम, त्यावर उबुंटू, एवढ्यावर आमचं चालतं. फक्त हार्ड डिस्कवर टाकू नका, एसएसडी घ्याच. दर पाच मिनिटाला प्रत्येक पोर्टच्या प्रत्येक ग्राफची फाईल लिहिली जाते, त्यात आमची जुनी डिस्क धापा टाकायला लागली आणि ग्राफमध्ये मध्येमध्ये गॅप दिसायला लागले. एसएसडी बसवली, आरआरडीकॅश्ड (डिस्कवरचं लिहिणं साठवून एकदम करणारा प्रोग्राम) चालू केलं, तेव्हापासून शांत आहे.

काम कसं चालतं ते थोडक्यात. प्रत्येक डिव्हाइसला दोन गोष्टी विचारल्या जातात. एक म्हणजे "आहेस का?", त्यासाठी पिंग. दुसरी म्हणजे "कसा आहेस?", त्यासाठी एसएनएमपी, म्हणजे डिव्हाइसकडून त्याची माहिती मागवायची ठरलेली पद्धत, यूडीपी पोर्ट 161. पहिलं उत्तर सगळेच देतात. दुसरं उत्तर देणारं डिव्हाइस असेल तर मॉडेल, फर्मवेअर, किती दिवस चालू आहे, कुठल्या पोर्टवर किती ट्रॅफिक, किती एरर, प्रिंटरमध्ये टोनर किती उरलाय इथपर्यंत सगळं सांगतं. मी इतकी वर्षं फक्त पहिलाच प्रश्न विचारत होतो, आणि खरा फरक दुसऱ्या प्रश्नाने पडला हे मला डिसेंबरात कळलं.

झालं असं की एका रात्री सहज इव्हेंट लॉग चाळत होतो तर काटा नंबर 3 च्या पोर्टचा स्पीड 1 जीबीपीएसवरून 100 एमबीपीएस झाल्याची नोंद दिसली. पिंग बघितला तर एक मिलिसेकंद, एकही पॅकेट लॉस नाही. काट्यावर फोन केला तर क्लार्क म्हणाला सगळं मस्त चालू आहे. कोणाचीच तक्रार नाही. पण केबलमध्ये चार जोड्या असतात, गिगाबिटला चारही लागतात, 100 ला दोनच पुरतात, म्हणजे एखादी जोडी गेली असणार हे डोक्यात आलं आणि झोप काही येईना. इलेक्ट्रिकलचे मामा नाईटला होते, त्यांना घेऊन गेलो, डक्टवरची लादी उचलली, बॅटरी मारली. उंदरांनी वेटोळं केलं होतं बगॅसचं, म्हणजे उसाच्या चोथ्याचं, आणि केबल दोन ठिकाणी कुरतडलेली, तपकिरी जोडी आरपार तुटलेली, निळीचं साल सोलून तांबं दिसत होतं, केशरी आणि हिरवी अजून शाबूत. मामा म्हणाले, "उद्यापर्यंत हीपण गेली असती बघ." पहाटे चारच्या शिफ्ट बदलाला दहा मिनिटं मागून घेतली, नवीन केबल ओढली, लोखंडी पाईपातून. एकही गाडी थांबली नाही. नुसत्या पिंगवर बसलो असतो तर केबल पूर्ण तुटल्यावरच कळलं असतं, तेही भर गर्दीत.

अलर्टचं मात्र सुरुवातीला वैताग झाला होता. एका टेकडीवरच्या टॉवरची लाईट गेली आणि त्याच्या पलीकडची तीन गट ऑफिसं मिळून 23 मेसेज एका झटक्यात टेलिग्रामवर, मूळ दुखणं कुठलं तेच सापडेना. नंतर प्रत्येक डिव्हाइसला त्याचा पॅरेंट सांगून ठेवला, म्हणजे वरचा रेडिओ पडला तर खालच्यांचे अलर्ट येत नाहीत, फक्त त्या रेडिओचा येतो. हे पहिल्याच दिवशी करा. मी दीड महिन्याने केलं आणि तोवर माझ्या बरोबरच्या मुलाने ग्रुप म्यूट करून टाकला होता. त्याला मी काही बोललो नाही, रात्री दोनला 23 मेसेज आल्यावर कोणीही तेच करेल.

अजून एक, लोकेशनचा रकाना नीट भरा. प्रत्येक स्विचमध्ये सिस-लोकेशन म्हणून जागा असते, बहुतेक जण रिकामी सोडतात. आम्ही तिथे "काटा 3, खिडकीमागची रॅक, वरून दुसरा" असं लिहिलंय. मी गावाला गेलो असताना मामांनी फोनवर मेसेज वाचून थेट जाऊन अॅडाप्टर बदलला, मला एकही प्रश्न विचारावा लागला नाही त्यांना.

यूपीएसला एसएनएमपी कार्ड घेतलं, महाग वाटलं, पण सर्व्हर रूमच्या बॅटरीचा बॅकअप 40 मिनिटांवरून 11 वर आलाय हे त्यानेच दाखवलं. बॅटऱ्या बदलल्या. पैसे वसूल.

आता जिथे अडतं ते. साधे कॅमेरे आणि हजेरीची मशिनं एसएनएमपी बोलतच नाहीत, ती पिंगपुरतीच जोडावी लागतात, आणि पिंग येतो म्हणजे काम चालू आहे असं अजिबात नाही. आमचा एक एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं मशीन) छान पिंग देत होता आणि आतली डिस्क भरून नऊ दिवस रेकॉर्डिंग बंद होतं. काट्याच्या सर्व्हरसाठी म्हणून मी वेगळा सर्व्हिस चेक लावला, सॉफ्टवेअरचा पोर्ट उघडतोय का ते बघणारा. पाच मिनिटांचं पोलिंग, म्हणजे दर पाच मिनिटांनी विचारणं, काट्यासाठी फार लांब पडतं, दर मिनिटाचा पिंग चेक वेगळा चालू करता येतो, तो केला. जुने ग्राफ सरासरीत जातात, आठवड्यापूर्वीचा दोन मिनिटांचा झटका नंतर शोधायला गेलात तर सपाट रेघ दिसते, म्हणून काही घडलं की लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवायची सवय लावलीये.

एकदा एक जुना स्विच रीबूट झाल्याचा अलर्ट आला, लाईट तर गेलीच नव्हती. शोधल्यावर कळलं की एसएनएमपीतला अपटाइमचा, म्हणजे किती वेळ चालू आहे त्याचा, आकडा 32 बिटांचा असतो, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतो, आणि साधारण 497 दिवसांनी भरून परत शून्यावर येतो. स्विच बिचारा सव्वा वर्षापेक्षा जास्त न थांबता चालला होता.

सिक्युरिटीबद्दल एकच, कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे एसएनएमपीचा पासवर्डसारखा शब्द, "पब्लिक" ठेवू नका. आमच्या निम्म्या डिव्हाइसवर तीच होती, कित्येक वर्षं. एसएनएमपीच्या व्हर्जन 2 सी मध्ये ती उघडीच जाते वायरवरून, त्यामुळे बदलली तरी पूर्ण भागत नाही. मुख्य स्विच व्हर्जन 3 वर नेलेत, रेडिओ राहिलेत, ते आता पावसाळ्याआधी करायचेत. त्याच्याबरोबर काटा 1 आणि 2 ला फायबर टाकायचीये, मामांनी चर आखून ठेवलाय, सोमवारपासून खोदाई.