श्रीलंकेत ‘जुना’ मुखवटा घेणार असाल तर आधी हे वाचा

गॉलच्या किल्ल्यातल्या एका दुकानात माझ्याकडून साठ हजार श्रीलंकन रुपये घेऊन गुरुळु राक्षसाचा मुखवटा माझ्या गळ्यात मारला. दुकानदार म्हणाला, ‘शंभर वर्षं जुना आहे, आमचे आजोबा हा घालून तोविलमध्ये रोग्यासमोर नाचायचे.’ यातलं एक अक्षरही खरं नव्हतं.

तोविल हा आजार उतरवायचा रात्रभराचा विधी. त्यातल्या सन्नि यकुम या मुखवट्यांच्या नाचात आजारांचे 18 यक्ष येतात. काण सन्निया आंधळेपणाचा, बिहिरि बहिरेपणाचा, आणि कोर सन्नियाचं तर तोंडच लकवा मारल्यासारखं वाकडं. गुरुळु, म्हणजे आपला गरुड, या अठरांत बसतच नाही. तो कोलम या नाचनाट्यातला.

पुढे अंबालंगोडाला गेलो. मुखवटे कोरणारं गाव ते. तिथल्या एका कारागिराने मुखवटा हातात घेतला आणि आधी पालथा केला. नाचणाऱ्याला दिसायला डोळ्यांपाशी आरपार फट लागते, बांधायला भोकं लागतात, आणि कपाळ टेकतं तिथलं लाकूड घामाने काळवंडतं. माझ्या मुखवट्याला फटच नव्हती. मागून तो सगळीकडे सारखाच तपकिरी, जिथे बोटही पोचणार नाही अशा खाचेतसुद्धा. तेलाचा बोळा फिरवला तर रंग बोळ्यावर आला आणि खालून कदुरूचं पांढरट, कोरं लाकूड दिसलं. तसाच नवा मुखवटा तिथे पाव किमतीत मिळत होता, आणि काम कितीतरी सुबक.

खरी मेख बिलात होती. श्रीलंकेतून पन्नास वर्षांहून जुनी पुरातन वस्तू पुरातत्त्व विभागाच्या परवान्याशिवाय बाहेर नेता येत नाही. परवान्याचं विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘बिलावर लिहून देतो, तेवढं पुरतं.’ लिहिलं सिंहलीत. हॉटेलवाल्याने वाचून सांगितलं: ‘नवीन हस्तकला.’ पैसे परत मागायला गेलो तर दुकानदाराने तेच बिल माझ्यापुढे धरलं.

पैशांपेक्षा जास्त संताप येतो तो आजारी माणसाच्या विधीचा असा बाजार मांडल्याचा. पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्यांच्या पोटावरही त्यात पाय येतो.

कुणी ‘जुना’ म्हणालं की वय आणि ‘वापरलेला’ हे शब्द बिलावर इंग्रजीत लिहून मागा, आणि परवाना आधी दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर तिथून निघा. नवा घ्यायचा असेल तर थेट अंबालंगोडाला, कोरणाऱ्याकडूनच घ्या.