जिप्सीला गिअर लॉक, चोर-स्विच आणि जीपीएस ट्रॅकर: सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव

परवा ट्रॅकरवाल्याशी दुकानात चांगलीच जुंपली, म्हणून आज लिहायला बसलो. गाडी मारुतीची जिप्सी किंग, एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली. ती काय चीज आहे हे तुम्हाला सांगायला नको. नवी मिळणं २०१९ मध्येच थांबलं, आणि ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला इथल्या सफारीवाल्यांमुळे आपल्या विदर्भात तिच्या सुट्या भागांना गिऱ्हाईक कायम तयार. त्यात कॅनव्हासचं हूड, म्हणजे दाराचं लॉक असून नसून सारखं. इमोबिलायझर, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी सोय, नाही. मनीषनगरच्या मित्राची जिप्सी रात्रीतून गेली, ती आजतागायत सापडली नाही. त्यानंतर मी खर्च करायचं ठरवलं.

विमा आहे ना, असं म्हणणाऱ्यांनी आधी पॉलिसी उघडून पाहावी. नुसती थर्ड पार्टी असेल तर गाडी चोरीला गेल्यावर एक पैसा मिळत नाही. पूर्ण विमा असला तरी पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (चोरीनंतर मिळायची जास्तीत जास्त रक्कम) कंपनी आणि आपण मिळून ठरवतो, पण तो आकडा मांडताना बाजारात जिप्सीला काय भाव चाललाय याच्याशी कंपनीला घेणंदेणं नसतं. क्लेमच्या वेळी दोन्ही चाव्या मागतात, एफआयआर लागतो, गाडी सापडत नाही असा पोलिसांचा अहवाल लागतो. अँटी-थेफ्ट उपकरणाला प्रीमियममध्ये सूट असते असं दुकानदार सांगतात. ती ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या प्रीमियमच्या, अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये, आणि तीही वाहनं तपासणाऱ्या एआरएआय या संस्थेची उपकरणाला मान्यता असेल तरच. माझ्या गिअर लॉकला ती नव्हती, म्हणून काहीच सुटलं नाही.

गिअर लॉकबद्दल थोडक्यात. लोखंडी यू, गिअर रिव्हर्सला टाकून अडकवायचा. खालच्या पट्टीचे बोल्ट असे, की फिटिंगच्या वेळी घट्ट केल्यावर डोकंच तुटतं, पान्याला धरायला काही उरत नाही. उत्तम. पण जिप्सीवाल्यांनो, दुसरी दांडी विसरू नका. ट्रान्सफर लिव्हर, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हची दांडी, न्यूट्रलला आणली की गिअरबॉक्स रिव्हर्समध्ये असो की आणखी कशात, गाडी मोकळी धावते. दोरी बांधली आणि चालले ओढत. लॉक बसवणाऱ्याला हे ठाऊकच नव्हतं. मी हिंगणा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून जादा कडी वेल्ड करून घेतली, आता एकाच कुलपात दोन्ही दांड्या धरल्या जातात. खर्च किरकोळ, आणि अख्ख्या गाडीत सगळ्यात जास्त समाधान मला त्या कडीचं आहे.

चोर-स्विच, म्हणजे लपवलेलं बटण, फ्युएल पंपाच्या तारेवर आहे; ते बंद असलं की पंप चालत नाही. कुठं ते अर्थातच लिहिणार नाही. याची गंमत अशी, की लाइनमध्ये उरलेल्या प्रेशरवर इंजिन क्षणभर लागतं आणि बंद पडतं. चोराला वाटतं गाडीच खराब आहे.

आता ट्रॅकर. पहिले दोन महिने मी ज्याला-त्याला तो घ्यायला सांगत होतो. मोबाइलवर गाडी दिसते, कुठं किती थांबली तेही दिसतं. मग तीन आठवडे गाडी प्रतापनगरला घरासमोर उभी राहिली आणि पेंचला निघायच्या पहाटे सेल्फचा नुसता टकटक आवाज. ढकलून सुरू केली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दुकानदार म्हणे, "भाऊ, तुमची बॅटरीच गेली. ट्रॅकर काहीच नाही खात."

"काहीच नाही म्हणजे किती?"

"अरे भाऊ, काहीच नाही."

बॅटरी जुनी नव्हती. मग मल्टिमीटर आणला, निगेटिव्हची तार काढून मध्ये लावला. गाडी पूर्ण बंद, काटा ६० मिलिअँपिअरच्या आसपास. ट्रॅकरचा फ्यूज उपसला की १० वर. म्हणजे एकटा ट्रॅकर ५० ओढत होता. हिशेब करा: सगळं मिळून दिवसाला जवळपास दीड अँपिअर-तास, आणि माझी बॅटरी ३५ ची. तीन आठवड्यांत ३० गेले, सेल्फला उरलं काय? रोज चालणाऱ्या गाडीत हे कधी कळणारच नाही. आपल्या हौशीच्या गाड्या मात्र उभ्याच जास्त असतात. ट्रॅकर घेताना ॲपमध्ये काय काय दिसतं हे सगळे विचारतात, गाडी बंद असताना तो किती ओढतो हे कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा. दुकानदार मिलिअँपिअरमध्ये आकडा सांगू शकत नसेल तर तिथून उठा.

अर्थात, नंतर जे सापडलं त्यानं माझं मत थोडं बदललं. ॲपमधला जुना अहवाल चाळताना दिसलं की गाडी रात्रभर उभी असतानाही 'इग्निशन ऑन'. डॅशखाली पाहिलं तर इग्निशन ओळखणारी तार चालू-बंद होणाऱ्या सप्लायऐवजी थेट बारा व्होल्टला जोडलेली. ट्रॅकरच्या लेखी इंजिन सदैव चालू, म्हणून तो झोपतच नव्हता, दर काही सेकंदांनी लोकेशन पाठवत बसायचा. भांडण झालं ते यावरच. शेवटी तार नीट जागी जोडून घेतली, आता तो ७-८ मिलिअँपिअरवर असतो. यंत्र चांगलं, फिटिंग भिकार.

तेवढ्यात ती रात्र आली. सकाळी पाहतो तर हूडची चेन उघडी, स्टिअरिंगखालचं प्लास्टिक फुटून पायाशी पडलेलं, इग्निशनच्या तारा बाहेर ओढलेल्या. गिअर लॉकच्या यूवर करवतीच्या तीन-चार चकचकीत रेघा, नखानं जेमतेम लागतील एवढ्या खोल. गाडी जागच्या जागी! ट्रॅकरनं पावणेतीनला धक्क्याचा इशारा पाठवला होता, पण ते ॲपचं नोटिफिकेशन फोनच्या बॅटरी सेव्हरनं दाबून ठेवलं. रात्रीच्या चोरीला असल्या इशाऱ्याचा उपयोग शून्य. आता थेट फोन वाजतो अशी सोय वर्षाला थोडे जादा पैसे भरून घेतली आहे. ही सोय मुळातच द्यायला हवी होती.

नेटवर्कचंही पाहून घ्या. देवलापारच्या पुढं खवासाकडे जंगलात रेंज जाते. ट्रॅकर तेवढ्या वेळातली लोकेशन्स साठवून ठेवतो आणि रेंज आल्यावर पाठवतो, पण तोवर गाडी मध्य प्रदेशात पोचलेली असणार. नागपुरातून सीमा किती जवळ आहे हे आपण जाणतोच. म्हणून माझा क्रम पक्का आहे: आधी लोखंड, मग चोर-स्विच, पैसे उरले तर ट्रॅकर.

मोबाइलवरून इंजिन बंद करायची सोय मी काढून टाकली. चालत्या गाडीत इंजिन गेलं तर ब्रेकचा बूस्टरही जातो. शिवाय २०२२ मध्ये मायकोडस कंपनीच्या एमव्ही ७२० ट्रॅकरमध्ये संशोधकांना अशा त्रुटी सापडल्या होत्या, की तिसराच माणूस दुरून गाडीचं इंधन तोडू शकेल. तुम्हाला ही सोय ठेवायची असेल तर निदान ट्रॅकरचा मूळ पासवर्ड बदला. स्वस्तातल्या बऱ्याच यंत्रांचा तो १२३४५६ असतो.

ट्रॅकर काचेमागे डॅशवरही ठेवू नका. मे महिन्यातल्या नागपुरात बाहेर ४५ असताना तिथं काय होत असेल? माझ्या ट्रॅकरमधली छोटी बॅकअप बॅटरी फुगली होती. नवी टाकून यंत्र सीटखाली हलवलं. मागच्या दारावरच्या स्टेपनीला लॉकिंग नट लावा, ती उतरवायला पाच मिनिटं लागत नाहीत.

पुढच्या महिन्यात ट्रॅकरचं रिन्यूअल आहे. भरणार आहे, पण दुकानात जाताना मल्टिमीटर सोबत नेणार आणि त्याच्यासमोर आकडा दाखवूनच पैसे देणार.