डिस्क पूर्ण पुसणारं डीबॅन सॉफ्टवेअर वापरून बघितलं, जुनी हार्ड डिस्क देण्याआधी हे कराच

मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघतो. दुकानातला जुना पीसी शेठनी माझ्या भाच्याला द्यायचा ठरवला, म्हणून ओळखीच्या एका मुलाकडून फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून घेतली, तो म्हणाला सगळं गेलं, काळजी करू नका. आठवड्यानं भाच्याचा फोन, मामा मी सहज रिकुवाचं (पुसलेल्या फायली परत काढणारं सॉफ्टवेअर) डीप स्कॅन लावलं तर यात शेतकऱ्यांची आधार कार्डं, पासबुकं, हळद विक्रीच्या हिशोबपट्ट्या सगळं निघतंय. अंगावर काटा आला हो. माझे फोटो असते तर सोडा, पण ही कागदं लोकांनी आमच्यावर विश्वास टाकून दिलेली.

क्विक फॉरमॅटनं फक्त यादी जाते, फायली जागेवरच राहतात. हरिपूरच्या पेवावरची (हळद साठवायचा जमिनीतला खड्डा) खूण पुसली म्हणून आतली हळद कुठं जाते का, तसंच ते. नवीन विंडोज जेवढ्या जागेवर बसते तेवढंच खरं पुसलं जातं.

मग पीसी परत आणला आणि डीबॅन लावलं. फुकट आहे, रूफस या सॉफ्टवेअरनं पेन ड्राईव्हवर टाकलं, बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) बूट लेगसीवर, म्हणजे जुन्या पद्धतीवर ठेवलं आणि पेन ड्राईव्हवरून पीसी चालू केला. एंटर दाबलं की डिस्कची यादी येते, स्पेसनं डिस्क निवडायची, एमनं पद्धत, एफ१० ला सुरू. ऑटोन्यूक मात्र चुकूनही टाईप करू नका, ते जोडलेल्या सगळ्या डिस्का पुसतं, म्हणून मी दुसरी डिस्क आणि बाहेरचे ड्राईव्ह आधी केबल काढून बाजूला ठेवले, हे खरंच करा. डीओडी शॉर्ट या पद्धतीत पुसायच्या तीन फेऱ्या होतात, पण साध्या हार्ड डिस्कला एकदा शून्यं लिहिली तरी पुरतं, म्हणून मी एकाच फेरीचं क्विक इरेज घेतलं. ५०० जीबीला दोनेक तास लागले. मधे लाईट गेली तर पहिल्यापासून, त्यामुळं यूपीएसवरच लावा.

झाल्यावर फोटोरेक (हे पण रिकुवासारखंच) चालवून बघितलं, एक फाईल निघाली नाही. तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

पाचपैकी चार स्टार. एक कापला कारण शेवटचं व्हर्जन २०१५ चं आहे, फक्त यूईएफआय (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) असलेल्या नवीन मशीनवर बूटच होत नाही, तिथं एनवाईप हे पुसायचं टूल असलेलं श्रेडओएस घ्या. आणि एसएसडीला हे लावू नका, त्यात राखीव जागा असते तिथपर्यंत हे पोचत नाही, एसएसडीला कंपनीचं टूल किंवा बायोसमधलं सिक्युअर इरेज. साध्या हार्ड डिस्कला डीबॅनच्या पेन ड्राईव्हचा वेगळा खटाटोप नको असेल तर विंडोजच्या सेटअपमध्येच शिफ्ट एफ१० दाबून, येणाऱ्या काळ्या खिडकीत डिस्कपार्ट टाईप करून, लिस्ट डिस्क बघून बरोबर डिस्क निवडून क्लीन ऑल द्या, नुसतं क्लीन नाही, नुसत्या क्लीननं फक्त पार्टिशन जातात.

मशीन जुनं, त्यावर विंडोज ११ बसत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून यावेळी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टीम टाकून दिली. भाचा खूश आहे. दुकानातल्या दुसऱ्या पीसीला पण आता नंबर लागलाय, पण त्याचा बॅकअप आधी शेठसमोर उघडून बघणार, मगच एफ१० दाबणार.