फरसबीचं कॅसरोल: डब्यातल्या सुपाचं, घरच्या सॉसचं की मधल्या वाटेचं?

थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या जेवणाचं बोलावणं आलं आणि ‘एखादी साइड डिश घेऊन या’ असा निरोप मिळाला, की शाकाहारी घरातलं माणूस बहुधा ग्रीन बीन कॅसरोलपाशी, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या फरसबीच्या पदार्थापाशी, येऊन थांबतं. टर्की तर टर्कीच, पण स्टफिंग (टर्कीबरोबरचं पावाचं सारण) आणि ग्रेव्हीतही मांसाचा रस असतो. या पदार्थात मुळात तो नाही. फरसबी, मशरूमचा दाट पांढरा सॉस, वर तळलेला कांदा, एवढाच ऐवज. मी न्यू जर्सीत राहते आणि गेली काही वर्षं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी हे कॅसरोल करते. तिन्ही प्रकारांनी करून झालं आहे, म्हणून कुठला प्रकार कोणासाठी, हे जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण तिने माझा स्वतःचा निर्णय बदलला. आपल्याकडे घरी केलेलं ते अस्सल आणि डब्यातलं ती तडजोड, असं आपण धरून चालतो. पुरणपोळीच्या बाबतीत ते खरं आहे. इथे ते उलटं आहे. हे कॅसरोल १९५५ साली कॅम्डनमध्ये, म्हणजे आमच्या न्यू जर्सीतच, कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात तयार झालं. डॉर्कस रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे काम होतं ते असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या एका लेखासाठी पाककृती बसवण्याचं. बहुतेक अमेरिकन घरांत फरसबी आणि क्रीम ऑफ मशरूम सूप असायचंच, त्यातून झटपट होणारं काहीतरी हवं होतं. त्याचं पहिलं नाव ‘ग्रीन बीन बेक’. रायलीबाईंचं मूळ पाककृतीचं कार्ड २००२ मध्ये नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेमला दिलं गेलं. २०१८ मध्ये, ९२व्या वर्षी, त्या वारल्या. तेव्हा डब्यातल्या सुपाचं कॅसरोल हेच मूळ आहे, आणि ताज्या मशरूमचं, क्रीमचं कॅसरोल ही मागाहून झालेली सुधारणा.

मूळ कृती इतकी सोपी आहे की एका श्वासात सांगता येते. साडेदहा औंसाचा, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅमचा, कंडेन्स्ड (पाणी न घातलेल्या, घट्ट) मशरूम सुपाचा एक डबा, अर्धा ते पाऊण कप दूध, एक छोटा चमचा सोया सॉस, मिरपूड, ४ कप शिजवलेली फरसबी आणि १⅓ कप तळलेला कांदा. अर्धा कांदा आत मिसळायचा. ३५० अंश फॅरनहाइटवर (सुमारे १७५ सेल्सिअस) २५ मिनिटं भाजायचं, ढवळायचं, उरलेला कांदा वर पसरून आणखी ५ मिनिटं ठेवायचं. हाताला काम जेमतेम दहा मिनिटांचं, आणि सहा जणांना पुरतं.

सॉस: खरा फरक इथेच

डब्यातल्या सुपाचा मोठा गुण म्हणजे ते कधी दगा देत नाही. त्यात दाटपणासाठी प्रक्रिया केलेला स्टार्च असतो, त्यामुळे सॉस फुटत नाही, गुठळ्या होत नाहीत, आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी गरम केल्यावर तसाच सरसरीत होतो. दहा पदार्थ एकाच वेळी शिजत असताना या भरवशाची किंमत मोठी असते. चव खारट, एकसुरी, मशरूमचे तुकडे नखाएवढे. पण अमेरिकेत वाढलेल्या माणसाच्या जिभेवर या सणाची चव म्हणून हीच चव बसलेली असते.

घरच्या सॉसला अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्या अर्ध्या तासाचं चीज होतं. ४५० ग्रॅम फरसबीला २२५ ग्रॅम मशरूम घ्या. साधी पांढरी चालतात, तपकिरी क्रेमिनी जास्त खमंग लागतात. तीन मोठे चमचे लोण्यात ती परतायला घ्या आणि इथे घाई करू नका. मशरूमला आधी पाणी सुटतं, मग ते आटतं, आणि त्यानंतर त्याच्या कडा तांबूस व्हायला लागतात. या सगळ्याला आठ-दहा मिनिटं लागतात. पाणी आटायच्या आधीच पुढे गेलात तर सॉस राखाडी आणि पाणचट होतो. मग ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या आणि तीन मोठे चमचे मैदा. मैदा मिनिटभर भाजून त्याचा कच्चट वास गेला, की एक कप भाज्यांचा स्टॉक (भाज्या उकळून गाळलेलं पाणी) थोडाथोडा घालत ढवळा, त्यावर एक कप हाफ अँड हाफ, म्हणजे निम्मं दूध-निम्मं क्रीम. एक उकळी येऊ द्याच, कारण मैद्याचा दाटपणा उकळी आल्याशिवाय पूर्ण दिसत नाही. सॉस पळीवाढा हवा. भांड्यात तो जरासा सैल वाटला तरी चालेल, ओव्हनमध्ये आळतो.

मी यात चिमूटभर जायफळ किसून घालते. पांढऱ्या सॉसला जायफळ युरोपातही घालतात आणि श्रीखंडामुळे ते आपल्या डब्यात असतंच. मिरपूड सढळ हाताने घाला. एखादी हिरवी मिरचीही खपून जाते. गरम मसाला मात्र घालू नका. मी एकदा घालून पाहिला, तर दहा मिनिटं निगुतीने परतलेल्या मशरूमचा पत्ताच लागेना.

घरच्या सॉसची कमजोरीही सांगते. तो फ्रिजमध्ये घट्ट थिजतो, दुसऱ्या दिवशी पाव कप दूध घालून सैल करावा लागतो. फ्रीझरमध्ये ठेवलात तर बहुधा फुटतो. आणि मीठ तुमच्या हातावर असल्यामुळे ते कमीही पडू शकतं. फरसबी मीठ ओढते, तेव्हा सॉस नुसता चाखताना किंचित खारट लागला पाहिजे.

मीठ आणि पथ्य

घरात रक्तदाबाची गोळी घेणारं कोणी असेल तर निवड इथेच होते. नेहमीच्या कंडेन्स्ड मशरूम सुपाच्या अर्ध्या कपात ८०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. अमेरिकेत दिवसभरासाठी सांगितलेली मर्यादा २३०० मिलिग्रॅमची आहे. त्यावर सोया सॉस आणि तळलेला कांदा, शिवाय डब्यातली फरसबी असेल तर तिचंही मीठ. कमी मिठाचे सुपाचे डबे मिळतात, तेच आणा आणि सोया सॉस अर्धा करा. घरच्या सॉसमध्ये हा प्रश्न तुमच्या ताब्यात राहतो.

शाकाहाराबद्दल मात्र आपला अंदाज चुकतो. आपल्याला वाटतं घरी केलेलं जास्त सुरक्षित. प्रत्यक्षात अमेरिकन घरांतल्या कितीतरी ‘फ्रॉम स्क्रॅच’ कृतींत चिकनचा स्टॉक असतो, कुणी बेकन घालतं, कुणी वूस्टरशर सॉस, ज्यात अँकोव्ही मासे असतात. उलट मशरूम सुपाच्या डब्यात सहसा मांसाचा घटक नसतो, फक्त शेजारचा क्रीम ऑफ चिकनचा डबा हातात आला नाही ना, ते बघायचं. पाहुणे म्हणून गेलात तर ‘यात ब्रॉथ (म्हणजे स्टॉक) कुठला घातलाय?’ असं सरळ विचारा, कोणी वाईट वाटून घेत नाही.

ग्लूटेन न चालणारं कोणी असेल तर मूळ कृती बादच. सूप, सोया सॉस आणि कांदा, तिन्हींत गहू असतो. तिथे घरचाच सॉस करा. मैद्याऐवजी दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून घाला, आणि कांदा तांदळाच्या पिठात घोळवून तळा.

फरसबी कुठली घ्यायची

डब्यातली, फ्रोझन की ताजी? डब्यातली मी आता घेत नाही. डबाबंद करताना ती इतकी तापवतात की हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि शेंग शेवाळी पडते. मऊ तर ती आधीच झालेली असते, वर अर्धा तास भट्टीत गेली की लगदा. ज्यांना लहानपणापासून त्याच मऊपणाची सवय आहे, त्यांना ती आवडते, हेही खरं.

फ्रोझन फरसबी हा या सगळ्या खटाटोपातला सर्वांत शहाणा पर्याय आहे. गोठवण्याआधी ती उकळत्या पाण्यातून काढलेली असते, म्हणजे निम्मं काम झालेलं. अट एकच, ती पूर्ण सुटू द्यायची, चाळणीत निथळायची आणि मग स्वच्छ फडक्यावर पसरून टिपायची. पहिल्या वर्षी मी पिशवी फोडून शेंगा थेट सॉसमध्ये घातल्या. भाजताना त्यांना पाणी सुटलं, सॉसचं सार झालं, ते आटवायला म्हणून आणखी वीस मिनिटं ठेवलं, तेवढ्यात वरचा कांदा करपला. यजमानीणबाईंनी प्रेमाने वाढून घेतलं, पण मला ते खूप लागलं.

ताजी फरसबी घेतलीत तर मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं शिजवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, रंग टिकतो. ओव्हनमध्ये शिजेल या भरवशावर कच्ची घालू नका. दाट सॉसमध्ये ती नीट शिजत नाही आणि दाताखाली कचकच येते. आपण भाजीला चिरतो तशी बारीकही चिरू नका. बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे हवेत. शिरा काढणं, चिरणं, उकळणं, निथळणं यात अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासाचा फायदा जाड सॉसखाली फारसा जाणवत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ताज्या शेंगा खोबरं घालून केलेल्या भाजीसाठी ठेवा.

वरचा कांदा

इथे डबाच घ्या. घरी कांदा पिठात घोळवून तळता येतो, उत्तम लागतो, पण तो त्याच दिवशी तळावा लागतो, आणि सणाच्या सकाळी कढई चढवायला शेगडी मोकळी नसते. तळलेल्या कांद्याचा डबा सुपाच्या डब्यापेक्षा महाग असतो, तरी तो पैसा मला वाया वाटत नाही. भारतीय दुकानात बिर्याणीसाठी मिळणारा तळलेला कांदा बऱ्याच जणी वापरतात. तो गोडसर असतो आणि आधीच गडद तळलेला, त्यामुळे ओव्हनमध्ये पटकन करपतो. वापरायचाच तर शेवटची दोन मिनिटं, त्याहून जास्त नको.

मग कुठलं करायचं

अमेरिकन घरी पाहुणे म्हणून जात असाल, विशेषतः टेबलावर आजी-आजोबा असतील, किंवा मुलाचं वा मुलीचं सासर तिथलं असेल, तर मूळ, डब्यातल्या सुपाचंच करा. त्या घरात हे कॅसरोल आठवणीने खाल्लं जातं. तुम्ही जायफळ आणि क्रेमिनी घालून ते कितीही उंचीवर नेलंत तरी त्यांना आईच्या हातचं हवं असतं, आणि आईच्या हातात तोच डबा होता. मला हे कळायला तीन वर्षं लागली. घरच्या सॉसचं भांडं अर्धं परत आलं आणि डब्याचं पुसून गेलं, तेव्हा कळलं.

आपल्याच घरी मित्रमंडळी जमणार असतील, तर मधली वाट: फ्रोझन फरसबी, घरचा सॉस, डब्यातला कांदा. पाऊण तासाच्या कामात बहुतेक सगळी चव मिळते. सॉस आदल्या रात्री होतो, सकाळी फक्त एकत्र करायचं. कांद्यासकट सगळं घरचं, ताज्या शेंगांचं, हे चार-सहा माणसांच्या निवांत जेवणासाठी ठीक आहे. वीस जणांसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

पुण्या-मुंबईत कोणी ख्रिसमसच्या जेवणासाठी करू पाहत असेल तर तिथे कंडेन्स्ड सूप सहज मिळत नाही. पाकिटातली सुपाची पावडर त्याची जागा घेत नाही, ती चिकट होते. घरचाच सॉस करा. हाफ अँड हाफऐवजी अर्धा कप २५ टक्के स्निग्धांशाचं फ्रेश क्रीम आणि अर्धा कप दूध घेतलं की तेवढाच स्निग्धपणा येतो.

ओव्हनची चिंता करू नका. टर्की बाहेर काढल्यावर कापण्याआधी ती अर्धा तास तरी मुरू देतात, तेवढ्यात ओव्हन रिकामा असतो आणि आपलं कॅसरोल होतं. दुसऱ्याच्या घरी न्यायचं असेल तर आपल्या घरी २५ मिनिटं भाजून, फॉइल लावून, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून न्या. कांदा मात्र वेगळ्या पिशवीत ठेवा. फॉइलखाली वाफ धरली की तो पाचच मिनिटांत मऊ पडतो. पोहोचल्यावर यजमानांकडे पाच मिनिटांसाठी ओव्हन मागा आणि कांदा तेव्हाच वर पसरा.