मिलिंगने कोरलेली कवळी : वरच्या जबड्याला उत्तम, खालच्याला साधारण
आईसाठी पुण्यातील एका दंतचिकित्सालयातून करून घेतलेली, मिलिंग यंत्राने कोरलेली संपूर्ण कवळी वरच्या जबड्यावर आधीच्या कवळीपेक्षा निःसंशय घट्ट बसते. नेहमीच्या कवळीसाठी साच्यात उष्णतेने पक्के केले जाणारे ॲक्रिलिक (एक प्रकारचे कडक प्लास्टिक) घट्ट होताना आकारमानाने सुमारे ७ टक्के आकसते. परिणामी टाळूच्या मागच्या कडेला बारीक फट राहते आणि लाळेच्या ज्या पातळ थरावर कवळीची पकड अवलंबून असते, तो तेथे तुटतो. आधीच पक्क्या झालेल्या ॲक्रिलिकच्या चकतीतून कोरताना हे आकसणे टळते. अर्थात माप चुकले, तर यंत्र ती चूकही तंतोतंत उतरवते, म्हणून डॉक्टरांनी मापासाठी दिलेला वेळ मला विशेष मोलाचा वाटला. खालच्या जबड्यात आधार अरुंद असून जीभ सतत हलत असल्याने फरक थोडाच जाणवतो, आणि त्या मानाने खर्च जास्त आहे.